डावीकडची रेघ

(एका संशोधन संस्थेतली अरुंद खोली. सकाळचे आठ. खिडकीला जाड काळा पडदा. खुर्चीत ताई बसल्या आहेत: वय बावन्न, या खोलीतलं यंत्र चार वर्षं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञ. डोक्यावर तारांची टोपी. त्यांच्या पाठीमागे, यंत्राच्या स्क्रीनसमोर, पीएच.डी.चा विद्यार्थी.)

ताई : तिसऱ्यांदा?

विद्यार्थी : शेवटचं, ताई.

ताई : मघाशीही शेवटचंच होतं. रोज सकाळी मी ही टोपी घालते, अक्षरांचा खेळ एकदा खेळते, ‘यंत्र ठीक’ असं वहीत लिहिते आणि चहाला जाते. चार वर्षांत दुसऱ्यांदा कधी घालावी लागली नाही. आज तिसरी खेप.

विद्यार्थी : कपाळाला नीट टेकली नसेल असं वाटलं.

ताई : मी लावलेली टोपी? तुझ्याच प्रयोगाला साठ माणसं आली, साठांना मीच लावली. एकाची तरी सुटली होती का?

विद्यार्थी : नाही.

ताई : मग?

विद्यार्थी : काही नाही. राहू दे. काढा टोपी.

ताई : हे बघ डॉक्टर, अजून झाला नाहीस, तरी म्हणते. तू घाबरलास की चष्मा पुसतोस. मघापासून चारदा पुसलास. मागे बसलायस म्हणून दिसत नाही असं समजू नको. माझ्यासमोरची स्क्रीन बंद आहे, तिच्यात तू अख्खा दिसतोस. काय झालंय?

विद्यार्थी : अकराला मॅडम येणारेत. प्रबंधाची शेवटची प्रत बघायला.

ताई : ते मला माहितीये. त्यासाठी गेल्या आठवड्यात चष्मा पुसून झाला तुझा. आज वेगळं आहे.

विद्यार्थी : शेवटी एक पुरवणी जोडायची असते. यंत्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सारखंच चाललं, असं दाखवायचं. त्यासाठी मी तुमच्या सगळ्या सकाळच्या नोंदी काढल्या. रोजच्या तपासणीच्या. खेळ सुरू झाला की पाच-सहा सेकंदांनी लाल रेघ चढते. कपाळामागच्या भागाला काम पडलं की तिकडे ताजं रक्त येतं, आणि प्रकाश...

ताई : मला शिकवतोस? येणाऱ्या प्रत्येकाला मीच सांगते हे. कपाळावर उजेड सोडायचा, परत किती येतो ते बघायचं, त्यावरून रक्त किती आलं ते कळतं. टोचत नाही, दुखत नाही, मनातलं वाचत नाही. पुढे बोल.

विद्यार्थी : ती रेघ चढत नाहीये.

ताई : कुणाची?

विद्यार्थी : तुमची. डावीकडची. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत छान चढत होती. मग हळूहळू उतरत गेली. आता जवळजवळ सपाट आहे.

ताई : आणि उजवीकडची?

विद्यार्थी : ती आधीही फार चढत नव्हती. अक्षरांचा खेळ आहे, बहुतेक काम डावीकडेच होतं.

ताई : पण माझी उत्तरं? उत्तरं चुकतायत का?

विद्यार्थी : नाही ना. तेच तर. रोज शंभरपैकी शंभर. उत्तरं सगळी बरोबर, आणि डोकं... म्हणजे डोकं काम करताना दिसत नाहीये.

ताई : कधी कळलं तुला हे?

विद्यार्थी : ताई, मला आधी खात्री...

ताई : कधी कळलं?

विद्यार्थी : तीन आठवडे झाले.

ताई : तीन आठवडे. रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग ताई’ म्हणतोस. काल माझ्या डब्यातलं खाल्लंस. आणि पोटात हे घेऊन बसलायस.

विद्यार्थी : काय बोलायचं तेच कळत नव्हतं. बाकीच्या सगळ्या शक्यता एकेक करून खोडल्या. दोनच उरल्या. एक, यंत्राची डावी बाजू मंद झालीये. प्रकाश देणारं नाहीतर घेणारं काहीतरी बिघडलंय.

ताई : आणि दुसरी? बोल की. माझंच डोकं आहे, माझ्यासमोर बोलायला लाजतोस कशाला.

विद्यार्थी : दुसरी तुम्ही म्हणालात तीच.

ताई : टोपी काढ जरा. डोकं दुखायला लागलं माझं. हळू, केस ओढले जातायत. हं. पाणी दे.

विद्यार्थी : हे घ्या. ताई, हे काही निदान नाहीये. या यंत्रावरून कुणी आजार सांगत नाही.

ताई : हेही मीच सांगते लोकांना. ‘ही तपासणी नाही, संशोधन आहे, काळजी करू नका.’ तोंडपाठ आहे मला. सांगताना किती सोपं वाटतं रे.

विद्यार्थी : तुम्हाला काही जाणवतंय का? विसरायला होतं, शब्द सापडत नाही, असं काही?

ताई : माझ्या अक्काला काही जाणवत नव्हतं.

विद्यार्थी : कोण अक्का?

ताई : मोठी बहीण. शिवणकाम करायची. शे-दोनशे बायकांची मापं तोंडपाठ, वही म्हणून नाही. त्रेपन्नाव्या वर्षी एक दिवस शेजारी बसलेल्या पाहुण्यांच्या ताटातलं उचलून खाल्लं तिने. आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त हसले. मग कुणालाही तोंडावर काहीही बोलायला लागली. मग एका झग्याला एक बाही वीतभर लांब. आणि मापं विचारलीस ना, तर त्या दिवशीही बिनचूक सांगायची. छाती छत्तीस, बाही अठरा. सांगायची बरोबर आणि कापायची भलतंच. डॉक्टरांनी फोटो काढले तेव्हा म्हणाले, कपाळामागचा भाग आहे. आता ती मला ‘बाई’ म्हणते. ‘बाई, पाणी द्या.’ म्हणून उत्तरं बरोबर आहेत याचं मला कौतुक सांगू नको.

विद्यार्थी : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

ताई : रोज दुसऱ्यांच्या कपाळावर हे लावते मी. मनात कधी आलं नसेल का? पण चार वर्षं रोज बघत होते ना, यंत्र ठीक. मला वाटायचं, यंत्र ठीक म्हणजे मीही ठीक. रेघेकडे बघायला मागे कोण येतंय? हिरवा दिवा लागला की वहीत लिहायचं. त्रेपन्न लागायला मला पाच महिने आहेत.

विद्यार्थी : यंत्रही असू शकतं, ताई. खरंच असू शकतं.

ताई : असू दे की मग. यंत्रच असू दे. नवा भाग मागवू, विषय संपला. असा काय बघतोस?

विद्यार्थी : काही नाही.

ताई : पुन्हा काही नाही. यंत्र निघालं तर काय होईल?

विद्यार्थी : प्रबंध जाईल.

ताई : अख्खा?

विद्यार्थी : मी आधी तरुण मोजले. पहिले तीस. म्हातारी माणसं नंतर आली, गेल्या आठ महिन्यांत. आणि माझा निष्कर्ष काय आहे? की म्हाताऱ्यांची डावीकडची रेघ कमी चढते. तीन वर्षं घालून मी एवढंच सांगतोय जगाला. यंत्रच जर आठ महिन्यांत मंद झालं असेल, तर म्हाताऱ्यांचं काहीच कमी नाही. यंत्राचं कमी आहे.

ताई : म्हणजे यंत्र बिघडलं असेल तर मी वाचले आणि तू बुडालास.

विद्यार्थी : असं नका म्हणू.

ताई : आणि यंत्र नीट असेल तर तू डॉक्टर.

विद्यार्थी : ताई.

ताई : मी हिशोब समजून घेतेय. म्हणून तीन आठवडे तोंडाला कुलूप होतं होय. बरं. बस खुर्चीत.

विद्यार्थी : मी?

ताई : मग कोण? टोपी तुझ्या डोक्यावर. तुझी रेघ चढली तर यंत्र चांगलं आहे, नाही चढली तर बिघडलंय. तीन आठवड्यांत एवढं सुचलं नाही तुला?

विद्यार्थी : सुचलं होतं.

ताई : मग केलं का नाहीस?

विद्यार्थी : एकट्याला टोपी नीट लावता येत नाही.

ताई : आणि?

विद्यार्थी : आणि भीती वाटत होती. दोन्ही बाजूंनी.

ताई : बस. मान सरळ. भुवयांच्या वर दोन बोटं सोडायची, तुला कितीदा सांगितलंय. केस मागे घे, किती वाढवलेस. घाम पुसते, थांब. कपाळ ओलं असलं की काही धड दिसत नाही. हं. आता वरून काळं कापड. खोलीतला उजेड आत शिरायला नको. घट्ट होतंय का?

विद्यार्थी : नाही. तुमचे हात गार पडलेत.

ताई : तुझं कपाळ तापलंय. समोर अक्षरं येतील, एकामागून एक. दोन अक्षरांआधी जे आलं होतं तेच पुन्हा आलं, की बटण दाबायचं. सुरुवातीला नुसतं स्क्रीनवरच्या फुलीकडे बघायचं. कसलाही विचार करायचा नाही.

विद्यार्थी : ते शक्य आहे का आत्ता?

ताई : येणाऱ्या प्रत्येकाला हेच वाटतं. श्वास घे, सोड. हलू नको. मी मागे जाते. सुरू.

विद्यार्थी : दिसतंय का काही?

ताई : बोलू नको. जबडा हलला की रेघ नाचते. तुझे ठोके दिसतायत तेवढे. एकशे चार. अक्षरं सुरू झाली, दाब.

विद्यार्थी : संपलं? इतक्यात?

ताई : सकाळच्या तपासणीचं छोटंच असतं. एक चुकवलंस. हलू नको म्हटलं ना, रेघ उतरेपर्यंत बसायचं.

विद्यार्थी : ताई? काय दिसतंय?

ताई : थांब.

विद्यार्थी : ताई, काहीतरी बोला.

ताई : मी आत्ता खोटं सांगितलं, तर कळेल तुला?

विद्यार्थी : लगेच नाही कळणार.

ताई : तुला मागे वळता येत नाही. मॅडम अकराला येतील. मी म्हटलं, सपाट आहे, तर तू मानशील.

विद्यार्थी : मानेन.

ताई : चढलीये.

विद्यार्थी : डावीकडची?

ताई : डावीकडची. चांगली उंच चढलीये. यंत्राला काही झालेलं नाही. तुझा प्रबंध सुखरूप आहे.

विद्यार्थी : ...

ताई : काही बोलू नको. आकडा बघतेय मी. एकशे चार होता, खेळात एकशे आठ झाला. मी ‘यंत्राला काही झालेलं नाही’ म्हटलं आणि शहाण्णव. नव्वद. आता सत्त्याऐंशी. तू तोंडातून शब्द काढला नाहीस, पण तुझा जीव भांड्यात पडला. इथे दिसतोय पडताना.

विद्यार्थी : टोपी काढा माझी.

ताई : काढते.

विद्यार्थी : हो, सुटल्यासारखं वाटलं मला. एक क्षण. तीन आठवडे झोपताना मनात हेच यायचं, की यंत्र नीट असू दे. म्हणजे काय मागतोय ते मला कळत होतं, ताई. कळत होतं आणि तरी मागत होतो. मला माझी लाज वाटते.

ताई : मीही मागत होते. आत्ता, स्क्रीनसमोर. सपाट राहा, सपाट राहा. याची तीन वर्षं गेली तर जाऊ देत, पोरगा तरुण आहे, पुन्हा करेल. पण माझं डोकं मला पुन्हा कुठून मिळणार होतं? चढायला लागली तेव्हा स्क्रीन फोडावीशी वाटली.

विद्यार्थी : पण खरं सांगितलंत.

ताई : त्याचं कौतुक नको. मला आता मुलीला काय सांगायचं ते सांग. तिचं पुढच्या महिन्यात बाळंतपण आहे. मी तिच्याकडे राहायला जाणार, बाळाला अंघोळ घालणार, असं ठरलंय. कोण देईल माझ्या हातात बाळ?

विद्यार्थी : एकदा पुन्हा करू. मघाशी टोपी थोडी वर बसली असेल.

ताई : मी लावलेली टोपी वर बसत नाही.

विद्यार्थी : तरी करू. या वेळी मी लावतो. बसा ना, ताई. माझ्यासाठी बसा.

ताई : लाव बाबा. दोन बोटं सोड. वर नको, कानाची तार सुटतेय. राहू दे, कशी का बसेना. टाक कापड.

विद्यार्थी : टाकलं. नीट आहे?

ताई : आहे. सुरू कर एकदाचं.

विद्यार्थी : फुली आलीये. आता... अक्षरं सुरू. ताई, कापड घसरलं. थांबवतो.

ताई : थांबवू नको.

विद्यार्थी : डोळ्यांवर आलंय ते. तुम्हाला स्क्रीन दिसत नसेल.

ताई : असू दे डोळ्यांवर. तुला माझे डोळे बघायची गरज नाही. तू तुझी रेघ बघ.

विद्यार्थी : पण तुम्ही बटण दाबताय.

ताई : दाबायचंच असतं ना.

विद्यार्थी : बरोबर दाबलंत. हेही बरोबर. ताई, तुम्ही कशाकडे बघून दाबताय?

ताई : बघायला कशाला लागतं? पाचवं, सहावं, मग अकरावं, चौदावं. मग तीन सोडून पुन्हा. एकोणिसाव्याला फसायला होतं, तिथे नाही दाबायचं. ठेका आहे त्याला. झालं. शंभरपैकी शंभर असतील बघ.

विद्यार्थी : शंभर आहेत.

ताई : मग कापड काढ आता.

विद्यार्थी : ताई, अक्षरं रोज बदलतात ना?

ताई : तुझ्या मोठ्या खेळात बदलतात. तपासणीचीही आधी बदलायची. मग आपले जुने इंजिनिअर गेले ना निवृत्त होऊन, त्यांनी जाण्याआधी मला तीस अक्षरांचं छोटं घालून दिलं. पाठ दुखायची माझी त्या खुर्चीत. म्हणाले, रोज दहा मिनिटं कशाला बसता, नुसता दिवा तर बघायचाय. मॅडमना सांगू नका म्हणाले. मी नाही सांगितलं.

विद्यार्थी : केव्हा गेले ते?

ताई : गेल्या वर्षीच्या... आठ-नऊ महिने झाले असतील.

विद्यार्थी : आठ महिने तुम्ही तीच तीस अक्षरं बघताय.

ताई : बघत कुठे असते. बटण दाबता दाबता मनात भाजीची यादी चाललेली असते. का? उत्तरं तर बरोबर येतात.

विद्यार्थी : सराव ही मी खोडलेली सगळ्यात पहिली शक्यता होती. पाठ झालेल्या गोष्टीला तो भाग राबत नाही, ताई, त्याला राबायची गरजच पडत नाही. पण खेळ मीच लिहिलाय, अक्षरं रोज नवी येतात, म्हणून मी ती पहिल्याच दिवशी खोडली. खेळ किती वेळ चालला तेही बघितलं नाही. नुसते टक्के बघत बसलो. मघाशी माझ्या डोक्यावर टोपी असताना ‘इतक्यात संपलं’ असं मीच म्हणालो, आणि तरी ट्यूब पेटली नाही.

ताई : म्हणजे?

विद्यार्थी : म्हणजे मला अजून काही म्हणायचं नाहीये. उठू नका. नवी अक्षरं टाकतो, लोकांना देतो तो मोठा खेळ. कापड नीट करतो. थांबा, टोपीही पुन्हा लावतो. दोन बोटं. बरोबर आहे?

ताई : एक सूत खाली. हं. आता बसली.

विद्यार्थी : तुम्ही फुलीकडे बघा.

ताई : मला आशा लावू नकोस. आशा लावून सपाट आलं ना, तर मी या खुर्चीतून उठणार नाही.

विद्यार्थी : बोलू नका, ताई. जबडा. सुरू झालं.

ताई : हे फार भरभर येतंय.

विद्यार्थी : तेवढ्याच वेगाने येतंय. दाबा.

ताई : चुकलं. हेही चुकलं वाटतं. कोणतं होतं आधीचं? बंद कर, मला नाही जमत. अक्कासारखं झालंय माझं.

विद्यार्थी : बंद नाही करणार. दाबत राहा.

ताई : किती चुकली?

विद्यार्थी : चार.

ताई : चार.

विद्यार्थी : चार चुकली, ताई. आणि रेघ चढतेय.

ताई : माझ्या समाधानासाठी म्हणू नको.

विद्यार्थी : तुम्हाला मागे वळता येतंय. वळा. तुटू देत तारा, मी जोडेन. बघा. ही डावीकडची. इथे अक्षरं सुरू झाली, इथून उचलली. गेल्या वर्षी चढायची तेवढीच चढलीये.

ताई : ही माझी?

विद्यार्थी : तुमचीच.

ताई : चष्मा दे माझा. टेबलावर आहे. नाही, तो तुझा. हं. माझी आहे खरी. वर नावाच्या जागी ‘ताई’ लिहिलंय.

विद्यार्थी : मॅडमना आता सगळं सांगावं लागेल. छोट्या खेळाचंही.

ताई : सांग. पहिलं माझं नाव सांग, इंजिनिअरांचं नंतर. आणि मी डॉक्टरांकडे जाऊन येणार आहे, चांगल्या, खऱ्या डॉक्टरांकडे. एका रेघेवर मी घरी जाऊन निवांत झोपेन, असं नाही होणार. अक्का आहे माझ्या मागे.

विद्यार्थी : जायलाच हवं. मी येतो बरोबर.

ताई : ये. बाहेर बसायला कुणीतरी लागतंच.

विद्यार्थी : आणि उद्यापासून सकाळची टोपी मी घालतो. रोज नवी अक्षरं.

ताई : ते बघू उद्या. आत्ताच असती तुझ्या डोक्यावर तर बरं झालं असतं.

विद्यार्थी : का?

ताई : माझी रेघ चढली तेव्हा तुझा आकडा काय झाला, ते बघायचं होतं मला. मघाशी तुझी तीन वर्षं वाचली तेव्हाचा बघितलाय.

विद्यार्थी : नाडी बघा. घड्याळ आहे समोर.

ताई : चेष्टा नाही करत मी.

विद्यार्थी : मीही नाही. हा घ्या हात.

ताई : इकडे कर. गप्प उभा राहा. ...पळतेय रे. शंभराच्या वर आहे.

विद्यार्थी : माहितीये मला. आतून कळतंय. येईल खाली. मॅडमचा फोन येतोय बहुतेक, घेऊ?

ताई : वाजू दे फोन. खाली आली की मग सोडते हात.